न्याहाळकाची निवड आणि घराची मर्यादा

घरांत संगणक असावा कीं नसावा हा वाद आतां बहुतेक घरांतून मिटला आहे. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, मुलांचे वर्ग पडद्यावर भरूं लागले, आणि ज्या घरांनीं हें यंत्र दहा वर्षें दाराबाहेर थोपवून धरलें होतें त्यांनींही तें माजघरांत आणून बसविलें. आमच्या वाशीमच्या घरीं तें तेव्हांच आलें. त्याच्यावर नातवंडांचा अभ्यास होतो, थोरले चिरंजीव शेताचा सातबारा काढतात, आमचे ज्येष्ठ बंधु सकाळचीं वर्तमानपत्रें वाचतात, आणि आम्ही निवृत्तिवेतनाचा हिशेब व जुने ग्रंथ पाहतों. माणसें नऊ आणि यंत्र एक.

या यंत्रांतून बाहेरचें जग पाहण्याची जी खिडकी, तिला इंग्रजींत ब्राउझर म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ गुरांनीं कोवळा पाला खुडीत हिंडणें असा आहे. मराठींत कोणी त्यास न्याहाळक म्हणतात. आम्हांस तो शब्द आवडतो, म्हणून या लेखांत तोच योजतों. परंतु त्या शब्दांत अर्धीच गोष्ट आली आहे. आपण जें न्याहाळतों तें हा न्याहाळक लिहूनही ठेवतो, आणि पुढें बसणाऱ्यास तें वाचून दाखवितो. हें आम्हांस कसें कळलें तें सांगितल्यावांचून पुढील सूचनांस अर्थ येणार नाहीं. गोष्ट घरची आहे. सूनबाईची संमति घेऊनच लिहीत आहों.

श्रावणांतील एक दुपार. हाल सातवाहनाच्या नांवें प्रसिद्ध असलेली गाथासप्तशती आम्हांस पुन्हा एकदां चाळावयाची होती. आमचें वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. महाराष्ट्री प्राकृताचा या गांवच्या माणसास थोडा लोभ असावा हें साहजिक आहे. पत्त्याच्या चौकटींत आम्हीं 'गा' एवढेंच अक्षर उमटविलें, तोंच तिच्याखालीं आपण होऊन एक ओळ आली: 'गाठ दुखत नसेल तर काय समजावे'. तिच्याखालीं दुसरी, तिच्याखालीं तिसरी. तिन्ही ओळींत छातींतील गांठीचाच प्रश्न होता.

हा प्रश्न आम्हीं विचारलेला नव्हता. आम्हीं चटकन् यंत्र बंद केलें. घरांत चार स्त्रिया. त्यांपैकीं कोणाचा हा प्रश्न, हें कळावयास मार्ग नव्हता, आणि विचारावें तरी कोणत्या तोंडानें? दोन दिवस आम्ही कोणाशीं कांहीं बोललों नाहीं. तिसऱ्या रात्रीं सौभाग्यवतींस सांगितलें. त्यांनीं दुसरे दिवशीं धाकट्या सूनबाईस मागच्या खोलींत नेऊन विचारतांच तिला रडूं कोसळलें. दोन महिने ती तो प्रश्न एकटीच उराशीं वागवीत होती. तिला अकोल्यास नेलें. सोनोग्राफी झाली, सुईनें तपासणी झाली, आणि आठ दिवसांनीं गांठ साधी असल्याचें कळलें. सर्वांचा जीव भांड्यांत पडला.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. पण संपली नाहीं. त्या दिवसापासून सूनबाई यंत्रापाशीं बसेनाशी झाली. पंधरा दिवसांनीं आम्हींच कारण विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "बाबा, तुम्हीं वाईट केलें असें मी म्हणत नाहीं. उलट चांगलेंच झालें. पण मीं कोणाला सांगायचें, कधीं सांगायचें, हें ठरवायच्या आधींच तें घराला कळलें होतें. उद्यां दुसरें कांहीं विचारायचें झालें, तर मीं कोठें विचारायचें?"

ज्येष्ठ बंधु जवळच बसले होते. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, एकत्र घरांत गुपित असावेंच कशाला? गोष्ट उघडी पडली म्हणूनच वेळेवर तपासणी झाली ना? हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हे. परंतु आम्हांस त्या वेळीं आमच्या मातोश्री आठवल्या. त्यांस माहेराहून येणारें पत्र आमचे आजोबा आधीं फोडीत, ओसरीवर बसून वाचीत, आणि मग आंत पाठवीत. त्यांत दुष्टपणा नसे. घराची काळजीच असे. परंतु पुढें पुढें त्या पत्रांत 'सर्व क्षेम' यापलीकडे कांहीं येईनासें झालें. आपली आई शेवटच्या दुखण्यांत किती दिवस अंथरुणास खिळून होती, हें मातोश्रींस ती गेल्यावर कळलें. आजोबांस त्या कधीं एका शब्दानें बोलल्या नाहींत. मात्र आमच्या लग्नानंतर सुनेचें पहिलें पत्र आलें, तेव्हां तें त्यांनीं आमच्या हातांतून घेतलें आणि न फोडतां आंत नेऊन दिलें. त्याच घरांत आम्ही वाढलों, आणि इतक्या वर्षांनीं नकळत आजोबांच्या जागीं जाऊन बसलों होतों.

हें ऐकून बंधु कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तर मग लिफाफे कर." त्यानंतरच्या आठवड्यांत थोरल्या नातवास हाताशीं घेऊन आम्हीं जें केलें, तें येथें क्रमानें देतों. आमच्यासारख्या घरांस त्याचा उपयोग व्हावा.

प्रथम निवड. न्याहाळकाचा इतिहास फार जुना नाहीं. १९९० सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत पहिला न्याहाळक तयार केला. १९९३ मध्यें मोझेक आला व सामान्य माणसास चित्रांसह पानें दिसूं लागलीं. १९९४ मध्यें नेटस्केप, १९९५ मध्यें मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर; या दोघांच्या झुंजींत नेटस्केप हरला, पण त्याच्याच बीजांतून मोझिला व पुढें २००४ सालीं फायरफॉक्स निघाला. २००८ मध्यें गूगलचा क्रोम आला. ज्यानें एके काळीं सर्वांस जिंकलें तो इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजीं सेवानिवृत्त झाला. यंत्रविश्वांत कोणाचेंही राज्य अढळ नाहीं, एवढें यावरून दिसतें.

आज बाजारांत नांवें पुष्कळ आहेत, पण पिठाच्या गिरण्या मुख्यतः तीनच. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सारे गूगलनें चालविलेल्या क्रोमियम नांवाच्या खुल्या पायावर उभे आहेत. पोळी लाटण्याची तऱ्हा निराळी, पीठ एक. फायरफॉक्सचें पीठ मोझिलाचें, आणि सफारीचें ॲपलचें. आपल्या केंद्र शासनानेंही २०२३ सालीं स्वदेशी न्याहाळकासाठीं स्पर्धा लाविली होती. मार्च २०२५ मध्यें तिचा निकाल लागून झोहो कंपनीस पहिला क्रमांक व १ कोटी रुपयांचें पारितोषिक मिळालें. या कंपनीच्या न्याहाळकाचें नांव 'उला'; तमिळ भाषेंत त्याचा अर्थ प्रवास. त्याचाही पाया क्रोमियमचाच आहे, हें अभिमानाच्या भरांत विसरूं नये.

निवड करतांना आम्हीं तीन प्रश्न विचारले. पहिला, आपल्या यंत्रास अद्याप दुरुस्त्या मिळतात कीं नाहीं? चोरटे रोज नवीं छिद्रें शोधतात, व नवीन आवृत्ति तीं बुजविते. क्रोमनें २०२३ मध्यें विंडोज ७ व ८.१ यांस नवीन आवृत्त्या देणें थांबविलें. विंडोज १० चा नित्याचा आधार मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला. ज्यास दुरुस्ती मिळत नाहीं अशा यंत्रावरून पैशाचा व्यवहार करूं नये, मग न्याहाळक कोणताही असो. दुसरा प्रश्न, जाहिराती आवरतां येतात का? त्यासाठीं न्याहाळकास एक जोडणी लावावी लागते. यूब्लॉक ओरिजिन ही त्यांत नांवाजलेली व विनामूल्य आहे. क्रोमनें जोडण्यांचे नियम बदलल्यामुळें २०२४ व २०२५ या सालांत ती तेथें बंद पडत गेली व तिची धाकटी आवृत्ति तेवढी उरली; फायरफॉक्समध्यें मूळ जोडणी चालते, अँड्रॉइड फोनवरील फायरफॉक्समध्येंही चालते. तिसरा प्रश्न, देवनागरी अक्षर कसें दिसतें? याविषयीं पुढें सांगूं.

या तिन्ही प्रश्नांचा विचार करून आम्हीं घरासाठीं फायरफॉक्स ठरविला. बंधूंसाठीं मात्र एज ठेविला. त्यांच्या एका डोळ्यांत मोतीबिंदु आहे, आणि एजमध्यें पान मोठ्यानें वाचून दाखविण्याची सोय असून मराठी वाचणारे आवाजही आहेत. त्यांचीं नांवें आरोही व मनोहर अशीं ठेविलीं आहेत. मनोहर वाचूं लागला कीं बंधु डोळे मिटून ऐकतात, आणि ऱ्हस्वदीर्घ चुकलें कीं त्यास दटावतात. अमुकच घ्यावा असा आमचा आग्रह नाहीं. आपल्या घरची गरज पाहावी. शेजाऱ्यानें घेतला म्हणून घेऊं नये.

दुसरें काम लिफाफ्यांचें. सर्वांनीं एकच न्याहाळक वापरणें म्हणजे सर्वांनीं पोस्टकार्डावर पत्रें लिहिणें होय. जाणारायेणारा वाचतो, आणि त्याची इच्छा नसली तरी डोळ्यांस दिसतेंच. यावर न्याहाळकांत 'प्रोफाइल' म्हणून सोय असते. प्रत्येकाचें प्रोफाइल वेगळें केलें म्हणजे त्याचा शोधांचा इतिहास, त्याच्या खुणा, त्याचे संकेतशब्द वेगळे राहतात. परंतु साधारणतः या प्रोफाइलास कुलूप नसतें; तो नुसता पडदा आहे. खरें कुलूप हवें असेल तर संगणकांतच प्रत्येक प्रौढ माणसाचें स्वतंत्र खातें उघडून त्यास संकेतशब्द द्यावा. आम्हीं तसेंच केलें. लहान मुलांचें मात्र एकच सामाईक खातें ठेविलें, आणि त्यांनीं यंत्रावर बसावयाचें तें माजघरांत, माणसांच्या देखत. प्रौढांस लिफाफा आणि मुलांस पाटी, हा भेद आम्हांस योग्य वाटतो.

येथें दोन सावधगिरीच्या सूचना. 'खासगी खिडकी' नांवाची जी सोय असते तिच्याविषयीं तरुण मंडळींत मोठा गैरसमज आहे. ती बंद केल्यावर त्या यंत्रावर इतिहास राहत नाहीं, एवढाच तिचा गुण. ज्या स्थळास आपण भेट दिली त्यास, व आपणांस जोडणी पुरविणाऱ्या कंपनीस, आपण आल्याचें कळूं शकतेंच. दुसरी सूचना अशी कीं, फोनवर व घरच्या यंत्रावर एकाच खात्यानें प्रवेश करून दोहींचा मेळ घातला असेल, तर फोनवर शोधलेलें घरच्या पडद्यावर उमटूं शकतें. सूनबाईनें प्रश्न विचारला होता तो आपल्या फोनवरच. तिच्या मुलाच्या शाळेचें काम करण्यासाठीं तिनें घरच्या यंत्रावर आपलें खातें एकदां उघडलें होतें, तें उघडेंच राहिलें होतें. एवढ्यानें सारें झालें.

तिसरें काम दारें लावण्याचें. पुष्कळ स्थळें पहिल्याच भेटींत विचारतात, 'आम्ही आपणांस सूचना पाठवूं काय?' बंधु सभ्य गृहस्थ. विचारलें त्यास ते 'होय' म्हणत गेले. पुढें दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यांत 'आपल्या यंत्रांत विषाणु शिरला आहे, येथें दाबा' अशा भयसूचक चिठ्ठ्या उमटूं लागल्या. विषाणु नव्हता, ज्यास 'होय' म्हटलें तोच ओरडत होता. न्याहाळकाच्या सेटिंगमध्यें जाऊन सूचनांची परवानगी मागण्यासच बंदी करतां येते. ती आम्हीं केली, व जुन्या परवानग्या एकेक करून काढल्या. तसेंच 'कुकी' नांवाची जी चिठी स्थळें आपल्या यंत्रांत ठेवतात, तिच्यांतील घरच्या चिठ्या कामाच्या असतात, पण त्रयस्थांच्या चिठ्या आपण कोठें कोठें हिंडलों याचा माग काढण्यासाठीं असतात. सफारीनें २०२० पासून त्रयस्थांच्या चिठ्या मुळांतच अडविल्या आहेत. फायरफॉक्सनें २०२२ मध्यें प्रत्येक स्थळाची चिठी वेगळ्या डब्यांत ठेवण्याची व्यवस्था केली. क्रोमनें त्या काढण्याचा बेत जाहीर केला होता. पुढें तो सोडून दिला. तेथें हें दार आपणच लावावें लागतें.

चौथें काम डोळ्यांचें. वीस वर्षांपूर्वीं आम्हीं पहिल्यानें मराठी वर्तमानपत्र पडद्यावर पाहिलें, तेव्हां मराठीच्या जागीं रोमन चिन्हांची खिचडी दिसली होती. प्रत्येक पत्राचा टंक वेगळा. तो उतरवून घेतल्यावांचून अक्षर लागत नसे. देवनागरीस युनिकोडमध्यें १९९१ सालींच स्थान मिळालें होतें, परंतु तें पत्रांच्या अंगवळणीं पडावयास पुष्कळ वर्षें गेलीं. आतां ती अडचण नाहीं. उरली आहे ती बारीक अक्षराची. कंट्रोल कळ दाबून अधिक चिन्ह दाबलें कीं पान मोठें होतें, उणें चिन्हानें लहान, आणि शून्यानें मूळ पदावर. एवढी युक्ति घरांतील प्रत्येक वृद्धास शिकवावी. फायरफॉक्समध्यें याहून एक पाऊल पुढें जातां येतें: देवनागरीसाठीं टंक कोणता व अक्षर कमींत कमी किती मोठें, हें स्वतंत्रपणें ठरवितां येतें. आम्हीं तेथें मुंबईच्या आय. आय. टी. नें तयार केलेला 'शोभिका' हा विनामूल्य टंक बसविला आहे. संस्कृत जोडाक्षरें त्यांत इतकीं नीटस दिसतात कीं, छापील पोथीची आठवण व्हावी. लांब लेख वाचतांना 'वाचनदृश्य' दाबावें. जाहिराती, हालणारे तुकडे गळून मुख्य मजकूर उरतो. न्याहाळकाचा मुखवटाही मराठी करतां येतो. तो आम्हीं सौभाग्यवतींसाठीं केला, तेव्हांपासून त्या कोणास हांक न मारतां यंत्र चालवितात.

पांचवें काम पैशाचें. बँकेचें नांव शोधून जें पहिलें पान दिसेल तें उघडणें, ही संवय सोडावी. पहिली ओळ पुष्कळदां जाहिरात असते, आणि जाहिरात कोणीही देऊं शकतो. पत्त्याजवळ कुलपाचें चिन्ह दिसलें म्हणजे स्थळ विश्वासाचें, हीही समजूत सोडावी. त्या चिन्हाचा अर्थ इतकाच कीं, मधल्या वाटेंत कोणी मजकूर वाचीत नाहीं. पलीकडे बसलेला साव कीं चोर, हें तें सांगत नाहीं. या गैरसमजामुळेंच क्रोमनें २०२३ मध्यें तें चिन्ह बदललें. पत्ता वाचावयाचा तो पहिल्या तिरप्या रेषेच्या अलीकडून, उजवीकडून डावीकडे. महाराष्ट्र शासनाच्या स्थळांच्या शेवटीं बहुधा 'गव्ह डॉट इन' असतें. बँकांनीं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असे करावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. तेव्हां बँकेच्या पत्त्याचा शेवट असाच आहे ना, हें पाहावें. एकदां खात्री करून पत्त्याची खूण वरच्या पट्टींत लावून ठेवावी, व नेहमीं तेथूनच जावें. आमच्या पट्टींत बँक, सातबाऱ्याचें स्थळ, मराठी विश्वकोश आणि मराठी विकिपीडिया अशा चार खुणा आहेत. बाकीचें लागेल तसें शोधतों. सामाईक खात्यांत संकेतशब्द कदापि साठवूं नये. स्वतःच्या खात्यांत साठविल्यास फायरफॉक्समध्यें त्या सर्वांवर एक मुख्य संकेतशब्द ठेवतां येतो, तो ठेवावा. इतकें करूनही फसगत झालीच, तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें; जितका उशीर तितकी रक्कम दूर जाते.

हें सर्व करण्यास आम्हांस चार संध्याकाळीं लागल्या. पांचव्या दिवशीं आम्हीं सूनबाईस तिचें खातें दाखविलें, व संकेतशब्द घालतांना पाठ फिरवून उभे राहिलों. तिनें आपल्या खात्यास पारिजातकाच्या फुलाचें चित्र लाविलें आहे. ती आतां यंत्रापाशीं बसते. काय पाहते तें आम्हांस ठाऊक नाहीं.

बंधूंची शंका मात्र अजून शिल्लक आहे, आणि ती आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. ते म्हणतात, "उद्यां पुन्हा तिला असें कांहीं झालें आणि ती बोललीच नाहीं, तर तुझ्या लिफाफ्याचें काय करायचें?" याचें उत्तर न्याहाळकांत नाहीं. दोन महिने ती यंत्रास विचारीत होती, कारण घरांत विचारण्यास धजत नव्हती. हा दोष आमचा आहे, यंत्राचा नव्हे. लिफाफा दिल्यानें आमचें काम संपलें नाहीं. सौभाग्यवती आतां दर महिन्यास दोन्ही सुना व पुतणी यांना मागच्या खोलींत घेऊन बसतात. स्वतःच्या दुखण्याखुपण्यापासून आरंभ करतात. गेल्या खेपेस सूनबाई आपण होऊन कांहीं बोलली म्हणतात. काय बोलली, हें आम्हीं विचारलें नाहीं.